विश्लेषण : शाळेचे वीजबिल कमी करण्यासाठी सरकारी पैसा आधी कुठे खर्च व्हावा?

जिल्हा परिषदेच्या शाळेला डिजिटल फळा मिळतो, संगणक मिळतात, एखाद्या योजनेतून छतावर सौर पॅनेलही बसतात. महिन्याचे वीजबिल कोणी भरायचे, हा प्रश्न मात्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर तसाच राहतो. बिल थकल्यामुळे शाळेची वीज तोडल्याच्या बातम्या राज्यात अधूनमधून येतच असतात. तेवढाच उजेड आणि तेवढाच वारा कमी विजेत मिळवता आला, तर हा ताण बराच हलका होऊ शकतो. त्यासाठी सार्वजनिक निधीची दारेही आहेत. तो निधी कुठून मिळतो, आधी कशावर खर्च करावा आणि तो वाया कुठे जातो, याचा हा आढावा.

शाळांत वीज पोहोचली, मग अडचण काय?

केंद्र सरकारच्या ‘यूडायस प्लस’च्या २०२४-२५ च्या अहवालानुसार देशात १४.७१ लाख शाळा आहेत आणि त्यातील ९३.६ टक्के शाळांत वीज आहे. जोडणी देण्याचे काम बहुतांशी पूर्ण झाले आहे. पण जोडणी एकदाच द्यायची असते, बिल दर महिन्याला येते.

शाळेची विजेची गरजही बदलली आहे. पूर्वी वर्गात एक-दोन दिवे असले तरी भागत असे. आता टीव्ही किंवा डिजिटल फळा, दोन-चार संगणक, पाण्याचा पंप आणि जलशुद्धीकरण यंत्र आले आहे. उन्हाळाही शाळेच्या दिवसांत शिरला आहे. २०२५ मध्ये राज्यात वार्षिक परीक्षा एप्रिलच्या चौथ्या आठवड्यापर्यंत चालल्या. अशा दिवसांत पंखा बंद पडला तर वर्गात बसवत नाही.

दुसरीकडे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीसाठी जे निकष दिले आहेत, त्यांत सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, मैदान आणि कुंपण आहे. विजेचा त्यात उल्लेख नाही.

बिल भरायचे कशातून?

मुख्य आधार ‘समग्र शिक्षा’तील संयुक्त शाळा अनुदानाचा. पटसंख्येनुसार ही रक्कम ठरते. ३१ ते १०० विद्यार्थ्यांच्या शाळेला वर्षाला २५ हजार, १०१ ते २५० साठी ५० हजार, २५१ ते १००० साठी ७५ हजार आणि त्याहून मोठ्या शाळेला १ लाख रुपये असे हे गणित आहे. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेच्या वाट्याला १० हजार रुपये येतात.

याच रकमेतून खडू, रजिस्टर, छोटी दुरुस्ती, इंटरनेट, पाणी आणि वीज हे सगळे भागवायचे असते. त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी राखायची असते. याशिवाय सादिल अनुदान असते. ग्रामपंचायत हात देते, कुठे लोकवर्गणी होते आणि अनेक ठिकाणी शिक्षकच खिशातून पैसे भरून वेळ मारून नेतात.

चार खोल्यांच्या शाळेत किती वीज लागते?

एक साधे उदाहरण घेऊ. चार वर्गखोल्या आणि एक कार्यालय, म्हणजे पाच खोल्या. प्रत्येक खोलीत दोन जुने पंखे आणि दोन जुन्या ट्यूबलाइट. जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो. चोकची जुनी ट्यूब चोकसकट ५० वॅटच्या आसपास जाते. दहा पंखे आणि दहा ट्यूब मिळून १२५० वॅट झाले.

शाळा दिवसाला सहा तास आणि वर्षाला २२० दिवस भरते असे धरले, तर १३२० तास होतात. सगळे पंखे आणि दिवे पूर्ण वेळ चालू राहिले, तर वर्षाला १६५० युनिट लागतील. सर्व आकार मिळून युनिटमागे ७ रुपये धरले, तर ही रक्कम ११,५५० रुपये होते. स्थिर आकार, टीव्ही, संगणक आणि पंप वेगळे.

म्हणजे शंभराच्या आत पट असलेल्या शाळेचे जवळपास निम्मे वार्षिक अनुदान नुसत्या पंखे-दिव्यांत जाऊ शकते. प्रत्यक्षात हिवाळ्यात पंखे बंद असतात आणि स्वच्छ ऊन असेल तर दिवेही लागत नाहीत. त्यामुळे खरा आकडा याहून कमी येईल. पण प्रमाण लक्षात येण्यासाठी हा हिशेब पुरेसा आहे.

आधी काय बदलावे, दिवे की पंखे?

नव्या एलईडी ट्यूबला सुमारे २० वॅट लागतात. दहा ट्यूब बदलल्या तर वरच्या हिशेबाने वर्षाला ३९६ युनिट, म्हणजे सुमारे २,७७० रुपये वाचतात. एक ट्यूब २५० रुपयांना धरली, तर खर्च अडीच हजारांचा. पैसे वर्षाच्या आत वसूल होतात.

पंख्यांचे गणित वेगळे आहे. बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो. दहा पंख्यांत ५९४ युनिट, म्हणजे सुमारे ४,१६० रुपये वाचतात. पण एक पंखा २,८०० रुपयांना धरला तरी खर्च २८ हजारांवर जातो. तो वसूल व्हायला पावणेसात वर्षे लागतात. शाळा दिवसाचे सहाच तास चालते आणि सुट्ट्याही भरपूर असतात, हे त्यामागचे कारण.

तोच पंखा आश्रमशाळेच्या किंवा वसतिगृहाच्या खोलीत लावला तर चित्र पालटते. तिथे पंखा दिवसाला १५ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालत असेल, तर एका पंख्यामागे वर्षाला सुमारे २०० युनिट, म्हणजे १,४०० रुपये वाचतात. दोन वर्षांत पंख्याची किंमत निघते. जिल्ह्याकडे पंख्यांसाठी मर्यादित निधी असेल, तर तो आधी मुले जिथे रात्री झोपतात तिथे जायला हवा.

दिवसाच्या शाळेत चालू पंखे काढून भंगारात घालण्याची घाई करण्याचे कारण नाही. पंखा हळू फिरत असेल तर आधी कंडेन्सर तपासावा. तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो. जुना खोक्यासारखा रेग्युलेटर असेल तर तो बदलावा. पंखा हळू केला तरी तो रेग्युलेटर उरलेली वीज उष्णतेत घालवत असतो. पंखा जळाला की मात्र नवा घेताना तारांकन पाहूनच घ्यावा. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन बंधनकारक आहे.

बिलातच काही चुकते का?

एकही वस्तू विकत न घेता करता येणारे काम म्हणजे बिल नीट वाचणे. राज्य वीज नियामक आयोगाने २०१२ मध्ये ‘सार्वजनिक सेवा’ हा वीजग्राहकांचा स्वतंत्र वर्ग केला. त्याआधी शाळांना व्यापारी वर्गाचा दर लागत असे. आता सरकारी शैक्षणिक संस्थांसाठी या वर्गात वेगळा उपवर्ग असून त्याचा दर खासगी संस्थांपेक्षा कमी आहे. जुन्या जोडणीवर वर्ग चुकीचा राहिला असेल, तर एका अर्जाने दर महिन्याचा फरक पडतो.

दुसरी बाब मंजूर भाराची. कधी काळी जास्तीचा भार मागितला असेल आणि प्रत्यक्षात तेवढा वापर नसेल, तर तो कमी करून घेता येतो. तिसरी बाब मीटरच्या नोंदीची. शाळेला कुलूप असल्याने नोंद झाली नाही तर सरासरीने बिल येते. मे महिन्यात शाळा बंद असूनही बिल का येते, असा प्रश्न अनेकांना पडतो. तो स्थिर आकार असतो आणि एक युनिटही न वापरता तो भरावाच लागतो.

छताचा विजेशी काय संबंध?

पंखा हवा थंड करत नाही, फक्त फिरवतो. पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या खोलीत दुपारी छतच तापलेले असते. मग पंखा पूर्ण वेगात चालवला तरी खाली गरम वाराच येतो. मंगलोरी कौलांच्या जुन्या शाळांत हा त्रास कमी होता. कौले काढून पत्रे आले आणि तो वाढला.

छताला पांढरा, ऊन परतवणारा लेप दिला तर आतले तापमान छताच्या प्रकारानुसार साधारण २ ते ४ अंशांनी उतरू शकते. सर्वांत स्वस्त उपाय चुन्याची सफेदी. पण ती पावसात धुऊन जाते आणि दर उन्हाळ्याआधी पुन्हा द्यावी लागते. स्लॅबवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवणे महाग पडते, मात्र ती अनेक वर्षे टिकते आणि गळतीही रोखते. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये ‘शीतल छत’ धोरण आणून सरकारी इमारतींना अशी छते बंधनकारक केली.

यातून वीजबिलात फार मोठी घट दिसणार नाही, कारण आपल्या शाळांत वातानुकूलन नाही. फायदा मुलांना होतो. विदर्भात उन्हामुळे शाळा इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात. तिथे छताचा खर्च शिक्षणाचाच खर्च समजायला हवा.

सौर पॅनेल हाच सोपा उपाय नाही का?

शाळा दिवसा भरते आणि सूर्यही दिवसाच असतो, त्यामुळे जोडी चांगली जमते. एक किलोवॅटच्या पॅनेलमधून राज्यात दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे १,४०० युनिट मिळतात. ‘नेट मीटरिंग’मध्ये जास्तीची वीज ग्रीडला जाते आणि तिची नोंद पुढच्या बिलांत वळती होते. हा हिशेब एप्रिल ते मार्च असा आर्थिक वर्षाचा असल्याने मेच्या सुट्टीत तयार झालेली वीज पुढे वर्षभर वापरता येते.

पण तीन गोष्टी आधीच माहीत असायला हव्यात. एक, ग्रीडला जोडलेली साधी सौर यंत्रणा वीज गेली की आपोआप बंद होते. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. त्यामुळे भारनियमनावर ती उपाय नाही. दोन, बॅटरीची यंत्रणा भारनियमनात चालते. मात्र काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते आणि त्या खर्चाची तरतूद मूळ योजनेत बहुधा नसते. तीन, सौर वीज कितीही तयार झाली तरी स्थिर आकार सुटत नाही.

चौथा मुद्दा पैशांचा. आपल्या उदाहरणातील शाळेला पंखे-दिव्यांसाठी १६५० युनिट हवे असतील तर सुमारे १.२ किलोवॅटचे पॅनेल लागेल. दिवे आणि पंखे बदलून गरज ६६० युनिटवर आली, तर अर्ध्या किलोवॅटच्या आसपास भागेल. किलोवॅटला ५० ते ६० हजार रुपये खर्च धरला, तर पॅनेलचे ३५ ते ४० हजार रुपये वाचतात. दिवे आणि पंखे बदलण्याचा सगळा खर्च साडेतीस हजार होता. म्हणजे सौर पॅनेल बसवायचेच असेल, तर आधी वापर कमी करणे फायद्याचे ठरते आणि एरवी परवडत नसलेले पंखेही या हिशेबात बसतात. प्रत्यक्षात मात्र अनेकदा उलटे घडते. निधी पॅनेलसाठी मंजूर होतो, त्यामुळे पॅनेल बसते आणि खाली जुनेच पंखे फिरत राहतात.

निधी कुठून मिळू शकतो?

पंतप्रधान सूर्यघर योजनेचे थेट अनुदान घरांसाठी आहे. सरकारी इमारतींवर सौर यंत्रणा बसवण्याचे उद्दिष्ट त्या योजनेत असले, तरी शाळेला घरासारखे अनुदान मिळत नाही. त्यामुळे जिल्हा नियोजन समिती, खासदार-आमदारांचा स्थानिक विकास निधी आणि ग्रामपंचायतीचा निधी हे प्रमुख मार्ग उरतात. खासदाराला मतदारसंघासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील ठेवली होती, उरलेली ४० टक्के स्थानिक गरजेनुसार वापरता येत होती. राज्यात अक्षय ऊर्जा आणि ऊर्जा संवर्धनाचे काम पाहणारी ‘महाऊर्जा’ ही संस्था तांत्रिक बाजू सांभाळते.

आणखी एक मार्ग म्हणजे बचतीतून परतफेड. कंपनी स्वतःच्या खर्चाने दिवे-पंखे बदलते आणि वाचलेल्या वीजबिलातून ठरावीक वर्षे आपले पैसे घेते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या कंपन्यांनी मिळून २००९ मध्ये स्थापन केलेल्या ईईएसएलने सरकारी इमारतींत याच पद्धतीने काम केले. महापालिकेच्या चार मजली शाळेला हे जमू शकते. वर्षाला सात हजार रुपये वाचवणाऱ्या एका वाडीवरच्या शाळेसाठी कोणी येणार नाही. तालुक्यातील शंभर-दोनशे शाळांचे एकच काम काढले, तरच त्याला आकार येतो.

नियमांचा आधार मिळतो का?

फारसा नाही. इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभाराच्या व्यावसायिक इमारतींना डोळ्यासमोर ठेवून बनली. आपली उदाहरणातील शाळा दीड-दोन किलोवॅटची आहे. २०२२ च्या कायदादुरुस्तीने ही मर्यादा आणखी खाली आणण्याची मुभा राज्यांना दिली. तरी वाडी-वस्तीवरची शाळा तिच्या टप्प्यात येणे अवघडच.

खरेदीच्या नियमांत मात्र वाव आहे. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, अधिसूचित विद्युत उपकरणे घेताना ठरलेल्या किंवा त्याहून वरच्या तारांकनाचीच घ्यावीत अशी तरतूद आहे. जिल्हा परिषदांच्या निविदांतही अशी अट घालता येईल. नाहीतर सर्वांत स्वस्त पंखा निवडला जातो. त्याची किंमत एक विभाग भरतो आणि पुढची दहा वर्षे बिल शाळा भरते.

इतर देशांनी काय केले?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांनी ‘प्रस्ताव ३९’ मंजूर केला. राज्याबाहेरील कंपन्यांना मिळणारी करसवलत बंद करून त्यातून येणारा पैसा पाच वर्षे, वर्षाला ५५ कोटी डॉलरपर्यंत, प्रामुख्याने शाळांच्या ऊर्जा बचतीसाठी राखण्यात आला. पैसे देण्यापूर्वी शाळेकडून जुनी बिले आणि खर्चाचा आराखडा मागितला गेला. सुरुवातीच्या नियमांनुसार खर्चाच्या किमान १.०५ पट बचत होईल असे दाखवणे आवश्यक होते. काम झाल्यावर निकालही कळवावा लागे.

जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने १९९४ मध्ये वेगळीच वाट धरली. शाळेचे बिल तिथे प्रशासन भरते, त्यामुळे बचत करून शाळेला काही मिळत नव्हते. शहराने ‘फिफ्टी-फिफ्टी’ योजना आणली. मुलांनी आणि शिक्षकांनी दिवे, खिडक्या आणि हीटरकडे लक्ष देऊन जेवढा खर्च वाचवला, त्यातील निम्मी रक्कम शाळेला देण्यात आली. पुढे ही पद्धत जर्मनीतील इतर शहरांत आणि युरोपातील इतर देशांतही गेली.

हॅम्बुर्गची बचत मुख्यतः थंडीतील हीटरची होती, आपला प्रश्न पंख्याचा आणि छताचा आहे. पण बचतीचा वाटा शाळेला मिळावा, हे तत्त्व इथेही लागू पडते.

मग महाराष्ट्रात काय करता येईल?

पहिले, निधी मंजूर करण्याआधी शाळेची मागील बारा महिन्यांची बिले आणि उपकरणांची यादी मागवावी. केंद्र पातळीवर एका दिवसात होणारे हे काम आहे. दुसरे, खर्चाचा क्रम ठरवावा. बिलाचा वर्ग आणि मंजूर भार, मग दिवे, मग छत, त्यानंतर जिथे जास्त तास वापर आहे तिथले पंखे आणि शेवटी उरलेल्या गरजेएवढे सौर पॅनेल. तिसरे, पॅनेल आणि बॅटरीच्या मंजुरीतच पुढील पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम धरावी. धूळ साचलेले किंवा इन्व्हर्टर बंद पडलेले पॅनेल कागदावर ‘सौर शाळा’ म्हणून मोजले जाते, वीज मात्र देत नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची बाब वाचलेल्या पैशांची. बिल कमी झाले म्हणून पुढच्या वर्षी वीज खर्चाची तरतूदच कापली गेली, तर बचत करण्यात कोणालाच रस उरणार नाही. शाळेने वीज वाचवली तर ती रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यातच राहील, असा स्पष्ट आदेश हवा. वर्षाला सहा-सात हजार रुपये ही सरकारी हिशेबात नगण्य रक्कम आहे. ज्या शाळेला वर्षभरासाठी २५ हजार मिळतात, तिथे त्यातून ग्रंथालयाची पुस्तके येऊ शकतात.

तोवर पालक एक गोष्ट करू शकतात. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असते. पुढच्या बैठकीत शाळेचे वीजबिल पाहायला मागावे. त्यावरचा ग्राहक वर्ग, मंजूर भार आणि मागील वर्षाचा वापर या तीन नोंदी वाचल्या, तरी सुरुवात कुठून करायची ते कळते.